मलाक्का एका दुपारात संपतं म्हणे!

नाशिकरोडचा म्हातारा

परवा इथे रानजाई यांनी मलेशियाच्या सहलीवर लिहिलं. फोटो झकास, त्याबद्दल वाद नाही. पण शेवटी जो निकाल देऊन टाकलाय तो वाचल्यापासून डोक्यात किडा वळवळतोय. वाक्य जसंच्या तसं देतो: "मलाक्का एका दुपारात संपतं. लाल रंग फासलेला सिनेमाचा सेट आहे तो. वसाहतकाळाची खरी मोहिनी बघायची तर पेनांगच्या जॉर्ज टाउनला जा, तिथे चार दिवसही कमी पडतात."

एका दुपारात! अहो, एका दुपारात दिवाळीच्या दिवसांत आपल्या नाशिकच्या रविवार कारंजावरून मेन रोडला जाऊन परत येणं होत नाही.

मी आणि सौ. गेल्या फेब्रुवारीत दोन्ही गावं करून आलो. प्रेसमधून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, गुडघे दोघांचेही संपावर. त्यामुळे आमची सहल म्हणजे एका गावात तळ ठोकायचा आणि रोज थोडं थोडं चघळायचं. मलाक्का तीन रात्री, जॉर्ज टाउन तीन रात्री. माप सारखं घातलंय.

रानजाई, तुम्ही क्वालालंपूरहून सकाळची बस धरली, दोन तासांत पोचलात, संध्याकाळी परत. त्यातही शनिवार. शनिवारी बारा ते चार मलाक्का बघून निकाल देणं म्हणजे श्रावणी सोमवारी त्र्यंबकला जाऊन 'फार गर्दी बुवा या गावात' म्हणण्यासारखं झालं. जाँकर स्ट्रीटचा रात्रबाजार शुक्रवार-शनिवार-रविवार असतो. आम्ही मंगळवारी पोचलो. निम्मी दुकानं बंद, रस्ता मोकळा. सकाळी सातला एक म्हातारा चिनी गृहस्थ दुकानाच्या फळ्या काढत होता. लाकडी, उभ्या, खाचेत सरकवायच्या फळ्या. प्रत्येकीच्या मागे खडूने आकडा. एक काढायची, भिंतीला टेकवायची, हात झटकायचे, मग दुसरी. सराफ बाजारात माझ्या लहानपणी अशाच फळ्या होत्या आणि त्यांचा क्रम चुकला की शेवटची बसायची नाही. सौ. तिथेच उभी राहिली, अकराच्या अकरा फळ्या निघेपर्यंत. हे तुमच्या दुपारात बसत नाही.

सेंट पॉलच्या टेकडीवर गेला होतात ना? वर छप्पर नसलेलं चर्च आहे, आत जमिनीत एक जाळी लावलेला खड्डा. फ्रान्सिस झेवियरचा देह १५५३ मध्ये काही महिने तिथे होता, मग गोव्याला आणला. आपण गोव्यात बाँ जेझू चर्चला जातो, लांबून ती चांदीची पेटी बघून येतो, आणि ती पेटी भरण्याआधीचा मुक्काम हा. बाहेर त्याचा पुतळा आहे, उजवा हात नसलेला. झाड पडून तुटला. आणि खऱ्या देहाचाही उजवा हात १६१४ मध्ये कापून रोमला नेलेला होता! मी तिथे अर्धा तास बसलो होतो. गुडघ्यांमुळे, मान्य. पण बसलो.

खाली गल्लीत १७८१ चं विनायकाचं देऊळ. डचांनी दिलेल्या जागेवर बांधलेलं. ते चालवणारा चिट्टी समाज मूळचा तमिळ, पण घरात बोलतात मलय आणि बायका सारोंग नेसतात. चारशे-पाचशे वर्षांत भाषा गेली, गणपती राहिला. त्याच गल्लीत मशीद, त्याच गल्लीत चिनी देऊळ. हा सेट?

आणि वयाचंच काढायचं तर १५११ ला पोर्तुगीज, १६४१ ला डच, १८२४ च्या तहाने कायमचे इंग्रज. त्याआधी शंभर वर्षं सुलतान. पेनांगला इंग्रजांचा फ्रान्सिस लाइट उतरला १७८६ मध्ये, तेव्हा पुण्यात नाना फडणवीस कारभार बघत होते. म्हणजे जॉर्ज टाउन आपल्या काळाराम मंदिराच्या पिढीचं. कालचं पोर.

---

रानजाई

काका, आधी कबूल करते: गेलो शनिवारीच आणि परतलो त्याच दिवशी. सोबत तीन वर्षांची मुलगी होती. पण डोळे बांधून नव्हतो गेलो.

तुमचा इतिहास खरा आहे, फक्त तो दिसत नाही. किल्ला इंग्रजांनी १८०७ मध्ये पाडला. एक दरवाजा उरला, तोही रॅफल्स नावाचा इंग्रज अधिकारी मध्ये पडला म्हणून. त्या दरवाजासमोर आता भलामोठा मॉल. समुद्र टेकडीच्या पायथ्याशी होता ना? भराव टाकून टाकून इतका लांब सरकवलाय की टेकडीवर चढून शोधावा लागतो. आणि तो डचांचा लाल चौक! तिथलं स्टाडथाउस, म्हणजे डचांची कचेरी, डचांच्या काळात लाल नव्हतंच. तो रंग लागला १९११ मध्ये, इंग्रजांच्या अमलात. दिल्ली दरबाराच्या वर्षीचं रंगकाम आहे ते. मी 'लाल रंग फासलेला' लिहिलं ते उगाच नाही.

रिक्षांबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाहीत, हे मात्र लक्षात आलं. हॅलो किटीच्या कापडी बाहुल्या, प्लास्टिकची फुलं, आणि सीटखाली कर्णा. चर्चच्या दारात सहा सायकलरिक्षा, सहा वेगळी गाणी. माझी मुलगी कानावर हात ठेवून रडत होती. विसर्जनाच्या डीजेवर इथे दरवर्षी दोनशे प्रतिसादांचा धागा काढणारी आपली माणसं तिथे जाऊन 'वा, काय वारसा' म्हणतात.

जॉर्ज टाउनमध्ये दहा मिनिटं चाला: सेंट जॉर्ज चर्च (१८१८, म्हणजे पेशवाई बुडाली ते साल), पुढे चिनी देवीचं धूरभरलं देऊळ, मग मारिअम्मनचं देऊळ, मग कपितान केलिंग मशीद. घराघरांपुढे ती पाच फुटी झाकलेली ओसरी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, ऊन लागत नाही, पाऊस लागत नाही. आणि मुख्य म्हणजे लोक राहतात तिथे! एक आजी ओसरीत पाटावर बसून कोळंबी सोलत होती, आत टीव्ही चालू, उंबऱ्यात चपला. मलाक्काच्या जाँकर स्ट्रीटवर रात्री कुणी झोपत असेल असं एक घर मला दिसलं नाही.

---

भाजका चिवडा

शेंगदाणे भाजायला टाकलेत. चालू द्या.

---

साबुदाणा वडा

इतिहास ठीक आहे हो. शाकाहारी माणसाने कुठे जायचं ते सांगा. आम्ही चौघं, त्यात सासूबाईंची चतुर्थी.

---

नाशिकरोडचा म्हातारा

दोन्हीकडे मिळतं, पण सावध राहावं लागतं. पालेभाजी मागवली तरी तीत बेलाचान असतं, म्हणजे सुकवलेल्या बारीक कोळंबीचा गोळा. 'नो मीट' सांगून उपयोग नाही, त्यांच्या मते ते मीटच नाही. पेनांगच्या लिटल इंडियात केळीच्या पानावर भात-सांबार पोटभर. दोन्ही गावांत चिनी बौद्धांच्या शाकाहारी खानावळी आहेत, त्यात बऱ्याच ठिकाणी कांदा-लसूणही नसतो. आणि चेंडोल! तांदळाच्या पिठाच्या हिरव्या शेवया, नारळाचं दूध, किसलेला बर्फ आणि वरून माडाच्या गुळाचा पाक. त्या गुळाचं नावच 'गुला मलाक्का'. मधुमेह विसरून दोन वाट्या.

---

रानजाई

चेंडोल पेनांगचं जास्त चांगलं.

---

नाशिकरोडचा म्हातारा

गुळाचं नाव काय आहे ते परत वाचा.

---

परखड नाशिककर

दोघांनाही साष्टांग. वसाहतकाळाची 'मोहिनी'! ज्या गावात अनंत कान्हेरेने २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या आणि पुढच्या एप्रिलात ठाण्याला फासावर गेला, त्या गावची माणसं आज विमानाचं तिकीट काढून साहेबाच्या कोठ्या बघायला जातात. वर कुठली कोठी जास्त गोड यावर भांडतात.

ज्या रस्त्यांवरून रानजाईबाई मोहित होऊन चालल्या ते कुणी बांधले, ठाऊक आहे? हिंदुस्थानातून नेलेल्या कैद्यांनी. अंदमानच्या आधी कित्येकांचं काळं पाणी म्हणजे पेनांग. समोरच्या किनारपट्टीचं नाव इंग्रजांनी गव्हर्नर जनरलवरून ठेवलं प्रॉव्हिन्स वेलस्ली. त्याच वेलस्लीच्या धाकट्या भावाने १८०३ ला आधी नगरचा किल्ला घेतला, मग असईला आपली फौज कापली. पेनांगचा किल्ला कुणाच्या नावाचा? कॉर्नवॉलिसच्या. आणि आपण तिथे उभे राहून सेल्फी. डच काय, पोर्तुगीज काय, लुटारू ते लुटारू. मलाक्का लुटून भरलेलं जहाज सुमात्राच्या किनाऱ्याजवळ बुडालं, त्याची प्रतिकृती करून ठेवलीय संग्रहालयात आणि लोक तिकीट काढून आत जातात!

---

सोल्डरगन

परखडराव, एक विचारू? सकाळी फिरायला कुठे जाता?

---

परखड नाशिककर

गोल्फ क्लबवर. का?

---

सोल्डरगन

त्या मैदानाचं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे. पाटी आहे तिथे.

---

भाजका चिवडा

😂😂😂 शेंगदाणे सांडले

---

परखड नाशिककर

सवयीने तोंडात येतं. सगळं नाशिक गोल्फ क्लबच म्हणतं. हा मुद्दा नाही.

---

सोल्डरगन

हाच मुद्दा आहे. कैद्यांचं तुम्ही म्हणालात ते बरोबर आहे आणि ते कुणीतरी म्हणायलाच हवं होतं. पण गाव लुटारूने वसवलं म्हणून बघायचं नाही असं ठरवलं तर देवळालीलाही जाता येणार नाही. छावणीत बोटीची वाट बघून बघून गोऱ्या सोजिरांची डोकी फिरायची, त्यावरून इंग्रजीत 'डूलॅली' असा वेडसर या अर्थाचा शब्दच झाला. आपल्या तालुक्याची जागतिक वाङ्मयाला एवढीच देणगी.

असो. मला रानजाईताईंशी बोलायचंय. 'लोक राहतात तिथे' या वाक्यावर.

मी सातपूरहून पेनांगला गेलो, बायान लेपासच्या इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात चार वर्षं होतो, २००९ ते २०१३. पहिलं वर्ष हौसेने जुन्या गावात खोली घेतली होती. समोर एक बंद घर. पहाटेपासून त्यातून पक्ष्यांचा किलबिलाट. मला वाटलं, वा, काय निसर्ग आहे. महिन्याभराने लक्षात आलं की किलबिलाट दर काही मिनिटांनी अगदी तसाच परत येतो. टेप होती! खिडक्या विटांनी बुजवलेल्या, भिंतीला छोटी भोकं, आत ध्वनिमुद्रित आवाज, म्हणजे खऱ्या पाकोळ्या फसून आत याव्यात आणि घरटी करावीत. त्यांच्या थुंकीची घरटी चिनी लोक सूप करून पितात, आणि किलोचा भाव ऐकून मी स्वतःच्या पगाराचं कौतुक करायचं सोडलं. पुढे युनेस्कोने वारसा ठरवलेल्या हद्दीत ते बंद करायला लावलं. पण घर रिकामं का होतं ते विचारा.

तिथे १९४८ च्या आधी बांधलेल्या घरांची भाडी कायद्याने गोठवलेली होती. भाडेकरू पिढ्यान्‌पिढ्या चिल्लर देऊन राहायचे. शिंपी, टोपल्या विणणारे, देवळाला लागणारा कागदी सरंजाम करणारे. १९९७ मध्ये कायदा रद्द केला, २००० साल उजाडलं तेव्हा संरक्षण संपलं. मालकांनी भाडी वाढवली आणि माणसं बाहेरच्या टॉवरमध्ये गेली. रिकाम्या घरांत काही वर्षं पाकोळ्या. मग २००८ ला युनेस्कोचा शिक्का (दोन्ही गावांना एकत्र, एकाच नोंदीत, हे इथल्या दोन्ही पक्षांनी नोंदवून ठेवावं). मग २०१२ ला त्या लिथुआनियाच्या चित्रकाराने भिंतीवर सायकलवरची पोरं काढली आणि फोटोसाठी रांग लागली. मग कॅफे. तुम्हाला दिसलेली आजी खरी असेल. पण ती शेवटच्या काहींपैकी आहे.

---

तिवंधा लेन

मलाक्का-पेनांगशी माझं काही देणंघेणं नाही, पासपोर्टही नाही. पण 'भाडी गोठवलेली' वाचलं आणि राहवलं नाही.

टोपल्या विणणाऱ्यांचं वाईट वाटतं सगळ्यांना. घरमालकाचं कुणाला वाटलंय कधी? आजोबांनी बांधलेला वाडा. सात बिऱ्हाडं. सगळ्यांचं मिळून महिन्याचं भाडं दोनशे साठ रुपये. परत वाचा, दोनशे साठ. ४७ च्या कायद्याने गोठवलं ते गोठवलं. ९९ चा नवा कायदा आला, त्यात वर्षाला ४ टक्के वाढ घेता येते. चाळीस रुपयांवर चार टक्के म्हणजे एक रुपया साठ पैसे. ती मागायला वडील गेले तर खालच्या काकू म्हणाल्या, "साठ पैसे सुट्टे नाहीत हो, पुढच्या महिन्यात बघू." हे मी कानाने ऐकलंय. मी दहावीत होतो. वडील जिना चढून वर आले आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

एका मे महिन्यात कौलं शाकारायला ऐंशी हजार गेले. कुणाच्या खिशातून? ज्याच्या नावावर 'वाडा' आहे त्याच्या. लोक म्हणायचे, तुम्हाला काय, वाडेवाले तुम्ही. रानजाईबाई, तुम्हाला ती ओसरी सुंदर दिसते, कारण ती शाकारायची पाळी तुमच्यावर नाही.

---

खोली नंबर चार

वाडेवाले दादा, तुमचं दुःख वाचून डोळे पाणावले. आता माझंही ऐका, मी जिन्याखालच्या बाजूची आहे. वाडा दुसरा, गोष्ट तीच.

आमच्या वडिलांनी १९७४ मध्ये खोलीसाठी पागडी दिली होती साडेतीन हजार. पगार होता दोनशे दहा. आईच्या पाटल्या गेल्या त्यात. पावती नाही, कारण पागडीची पावती कुठला मालक देतो? मग पुढची चाळीस वर्षं 'फुकटात राहता' हे आम्हीच ऐकायचं. चौकात नळ एक, बिऱ्हाडं नऊ. पावसात माझी आई देवळीतला दिवा विझू नये म्हणून तिथे छत्री उघडून ठेवायची. घरात, छत्री! कौल फुटलंय सांगायला गेलं की मालक म्हणायचे, "बघतो." दरवर्षी बघायचे. आणि खरं सांगू? बघायचे ते पावसाकडे. भिंत पडली की भाडेकरू आपोआप जातो, ना कोर्ट, ना तारीख. एका जूनमध्ये दाराला 'धोकादायक' अशी नोटीस चिकटली, त्या दिवशी मालकीणबाईंनी पुरणपोळी केली होती. सण कुठलाही नव्हता.

---

तिवंधा लेन

पुरणपोळीचा आरोप फारच झाला. सगळ्या मालकांना एका माळेत ओवू नका. माझ्या वडिलांनी कुणाच्या भिंतीची वाट बघितली नाही.

---

खोली नंबर चार

तुमच्या वडिलांचं मी काही म्हटलं नाही. तुम्हाला लागलं, त्याला मी काय करू?

---

तिवंधा लेन

लागलं कारण तुम्ही तसंच लिहिलंत. आणि चाळीस रुपयांत चाळीस वर्षं काढून नंतर इथे नाशिकातच द्वारका चौकाकडे फ्लॅट घेणारे भाडेकरूही पाहिलेत मी. खोलीला कुलूप लावून जायचे, खोली सोडायला दोन लाख मागायचे. आमचीच खोली, आम्हालाच विकायची!

---

खोली नंबर चार

हो, घेतले आम्ही पैसे. दोन नाही, सव्वा लाख. पाटल्यांचं आजचं सोनं मोजा आणि मग बोला. भीड कुणाची कमी होती ते वजन करून ठरवू.

---

परखड नाशिककर

हा कायदाही मुळात इंग्रजी वळणाचाच...

---

भाजका चिवडा

परखडकाका, तुम्ही गोल्फ क्लबवर एक चक्कर मारून या.

---

नाशिकरोडचा म्हातारा

मंडळी, विषय मलाक्का होता. मलाक्काची सामुद्रधुनी ओलांडून आपण नाशिकच्या तिवंध्यात आलो आहोत आणि परतीची बोट दिसत नाही.

---

भाजका चिवडा

धाग्याचा वाडा झालाय काका. सात बिऱ्हाडं, नळ एक.

---

सोल्डरगन

मीच काडी टाकली, माफी. पण मला विषय सुटलाय असं वाटत नाही. पेनांगच्या माझ्या कारखान्यातला फोरमन त्याच गल्लीत जन्मलेला. आता घर लांब, पुलापलीकडे. कायदा उठल्यावर वर्षभरात निघावं लागलं त्याच्या आईवडिलांना. एकदा मी त्याला म्हटलं, चल, तुझ्या गल्लीत कॉफी पिऊ. आला. कप हातात घेऊन म्हणाला, इथे, या टेबलाच्या जागी, आमचा पलंग होता. कॉफीचे पैसे मला देऊ देईना. शेवटी दिले मीच. सतरा रिंगिट दोन कपांचे.

रानजाईताई, मी तुमचा आनंद खोडून काढत नाही. मलाही जॉर्ज टाउनच जास्त आवडतं. मलाक्कात ते सगळं आधीच होऊन गेलंय, एवढाच फरक.

---

रानजाई

हे मला माहीत नव्हतं. तिथे ओसरीवर बसलेल्या आजींचा फोटो मी न विचारता काढला होता, पोस्टमध्ये तोच सगळ्यात वर आहे. आज रात्री काढून टाकते. (काकांना उगाच गुदगुल्या नकोत. मॉल आणि रिक्षांबद्दलचं माझं मत कायम आहे.)

---

नाशिकरोडचा म्हातारा

रिक्षांचं मान्य. घ्या. आम्ही गुरुवारी एकीत बसलो होतो, सौ.च्या हट्टामुळे. कर्ण्यावर 'कुछ कुछ होता है' लागलं, आम्ही भारतीय म्हणून. त्यावर बंद कर म्हणायची सोय नव्हती. पूर्ण फेरी तेच गाणं. हे मूळ लेखात मुद्दाम लिहिलं नव्हतं.

---

तिवंधा लेन

फोरमनचा पलंग वाचला. मग माझंही सांगून टाकतो आणि थांबतो.

आमच्या वाड्याची मागची भिंत एका जुलैत रात्री बसली. कुणाला लागलं नाही. नंतर भाडेकरू गेले, आम्हीही गेलो, जागा बिल्डरला दिली. लाकूड एका व्यापाऱ्याला विकलं: खांब, तुळया, दाराची गणेशपट्टी, सगळं टेम्पोत. सागवान होतं, भाव चांगला आला. त्यानंतर चार-पाच वर्षांनी गंगापूर रोडच्या बाहेर एका मिसळीच्या ठिकाणी आम्ही सगळे गेलो. हल्ली असतात तशी, वाड्यासारखी सजवलेली, कंदील, बैलगाडीचं चाक, पितळी तांब्या. मी बाकावर बसलो आणि हात सहज लाकडावर गेला. खाली काहीतरी कोरलेलं लागलं. वाकून बघितलं. 'श्री'. खिळ्याने. वेलांटी अर्धीच. ती मी कोरली होती, तिसरीत असताना, माजघराच्या चौकटीला. वेलांटी पूर्ण व्हायच्या आत आजोबांची थप्पड बसली होती. चौकटीचं उभं लाकूड आडवं टाकून त्यांनी बाक केलंय.

कुणाला सांगितलं नाही तिथे. बायकोने विचारलं, मिसळ तिखट आहे का, डोळ्यात पाणी आलंय तुमच्या. म्हटलं, हो.

---

खोली नंबर चार

दादा, पुरणपोळीचं मागे घेते. आमच्या मालकीणबाईंबद्दल नाही, तुमच्या बाबतीत घेते.

---

तिवंधा लेन

ठीक आहे. साठ पैशांचंही सोडून द्या.

---

साबुदाणा वडा

मिसळीचं ठिकाण कुठलं ते? रविवारी पाहुणे यायचेत.

---

तिवंधा लेन

सांगणार नाही.

---

परखड नाशिककर

मी एवढंच म्हणत होतो की...

---

भाजका चिवडा

काका. नको.

---

रानजाई

म्हातारेकाका, परत कधी मलेशियाला जाणं झालंच तर मलाक्काला मंगळवारी जाईन. त्या फळ्या बघायला. एक रात्र राहीन.

---

नाशिकरोडचा म्हातारा

दोन.

---

रानजाई

एक. आणि चेंडोल पेनांगलाच.